कोंडीबाची कात्री

माणसाची अक्कल मोजायला कोंडीबाकडं एकच माप होतं: डाळिंबाची फांदी कुठं तोडावी हे त्याला कळतं की नाही. आणि त्या मापानं अख्ख्या माळशिरस तालुक्यात अक्कल असलेला माणूस एकच निघायचा. तो कोण, हे काय सांगायला पाहिजे?

बाकी सगळे अडाणी. कोंडीबानं दुसऱ्याच्या बांधावर उभं राहून "ही छाटणी केलीय का झाडाची हजामत?" असं म्हणायचं आणि मालकानं तोंड उघडायच्या आत खिशातली कात्री बाहेर काढायची. बोलावणं नाही, विचारणं नाही. पण फुकट करायचा, म्हणून लोकही गप्प बसायचे.

कुणाच्या बागेला तेल्या आला, की आजाऱ्याला बघायला जावं तसा कोंडीबा जाणारच. पानांवर तेलकट डाग, फळं काळी पडून उकललेली. मालकाला चार शब्द सुनवायचे, रोगट फांद्या कापायच्या आणि निघताना एक डागाळलेलं फळ खिशात टाकायचं. कशाला? तर पुढच्या बागेत दाखवायला! "बघून ठेवा, ह्याला तेल्या म्हणत्यात." धन्य आहे बाबा! रोग स्वतः घरपोच करायचा आणि वर लोकांना शहाणपण शिकवायचं.

त्याची लेक अपेक्षा शेजारच्याच गावात दिलेली. जावई चिंचोळी एमआयडीसीत कामाला, रविवारचा तेवढा घरी यायचा. बाग पोरगी एकटीच बघायची. औंदा पहिला बहार धरायचा होता, म्हणजे बागेचं पहिलं पीक घ्यायचं होतं. तो साधला, की नवरा नोकरी सोडून कायमचा घरी येणार, असं दोघांचं ठरलं होतं.

तिनं शेणखतात ट्रायकोडर्मा मुरवून झाडांच्या बुडाशी घातलं, तेव्हा कोंडीबा कपाळावर हात मारून हसला.

"बुरशी? अन् ती बी इकत आणून? आगं, आमचा जन्म गेला बुरशी मारण्यात!"

"तात्या, ही चांगली बुरशी हाय. मुळापाशी राहती अन् मर रोगाच्या बुरशीला जागाच देत न्हाय."

"म्हंजी चोरालाच राखणीला बसवलं की!"

"सगळेच चोर नसत्यात, तात्या."

कोंडीबाला हे पटेल तर शपथ. बागेच्या तोंडाशी तिनं डेटॉलच्या पाण्याची बादली ठेवली होती. बागेत शिरताना आणि मग प्रत्येक झाडानंतर कात्री त्यात बुडवायची. ती बघून तर तो चवताळलाच. "कात्रीचं काय बाळंतपण करायचंय व्हय गं?"

आणि मग एके दिवशी त्यानं केलं ते केलंच. सकाळी गावातल्या धोंडप्पाच्या तेल्या लागलेल्या बागेत हात चालवला आणि तिथनं सरळ लेकीकडं आला. अपेक्षा बाजारला गेलेली. लेक एकटी किती राबणार, असं त्याच्या मनात आलं. माया होती हो, ती कोण नाकारतंय? त्या मायेच्या भरात त्यानं पुढच्या दोन ओळी छाटून काढल्या. बादली तिथंच होती. तिला वळसा घालून तो आत गेला होता.

नवी पालवी फुटली आणि तिच्यावर तेलकट ठिपके उमटले. कोंडीबा धावत आला. आल्या आल्या निकाल तयार: "तुझी ती इकतची बुरशीच बाधली! मी सांगत हुतो!"

अपेक्षा बागेच्या तोंडाशीच उभी होती. बादलीच्या अलीकडं तो, पलीकडं ती. तिनं नुसतं बोट दाखवलं. "खत समद्या झाडांना घातलंय. मागच्या ओळी मी छाटल्या, त्या बघा कशा हिरव्यागार हायेत. ह्या दोन तुमी छाटल्या. कात्रीनं झाडाला जखम होती, तात्या. त्या ताज्या जखमेत तुमी धोंडप्पामामाच्या बागंतला जंतू आणून घातला."

कोंडीबाला मागच्या ओळी दिसत होत्या. पुढच्याही दिसत होत्या. आयुष्यभर दुसऱ्यांचे दोष हेरणाऱ्या त्या डोळ्यांना आता न दिसायचं सोंगही जमेना.

"मी काय वैरी हाय का तुझा?" तो कसाबसा म्हणाला.

"वैऱ्याला मी बागंत पायच ठेवू दिला नसता, तात्या. हितंच बसा बांधावर. च्या आणती. पर आत येऊ नका."

ती घराकडं गेली. कोंडीबानं कात्री काढली आणि बादलीत सोडली. मग दुसऱ्या खिशाकडं हात गेला. तिथं आज सकाळीच कुठल्याशा बागेतनं उचललेलं, काळं पडून उकललेलं फळ होतं. ते फेकून द्यायला त्यानं हात वर उचलला, इकडं बघितलं, तिकडं बघितलं. जिकडं टाकावं तिकडं लेकीचीच जमीन होती. चहा येईपर्यंत तो ते फळ मुठीत घट्ट धरून बसून राहिला.