पाड लागेपर्यंत

आमच्या घरात आखितीच्या आधी कुणी आंबा खात नाही. अक्षय तृतीयेला आमच्याकडे आखिती म्हणतात. त्या दिवशी मातीची नवी घागर पाण्यानं भरायची, तिच्यावर खरबूज आणि आंबा ठेवायचा, घरातल्या गेलेल्या माणसांच्या नावानं पान वाढायचं, आणि मगच आपण रसाची वाटी तोंडाला लावायची. लग्न होऊन आले तेव्हा मला हा जाच वाटला होता. आमच्या ह्यांना तो आजही वाटतो. शहागंजात आंब्याच्या गाड्या लागल्या की हे घरी येताना लांबचा रस्ता धरतात, वाससुद्धा नको म्हणून.

यंदा मात्र ती आखिती वेगळी होती. मागच्या श्रावणात माझे सासरे गेले. ज्यांच्या नावानं पान वाढायचं त्यांत आता ते होते, आणि त्यांचं हे पहिलंच पान.

ते गेल्यापासून सासूबाईंच्या तोंडी एकच शब्द उरला होता, "पुरे." डाव पातेल्यातून वर येतो न येतो तोच पुरे. चतकोर भाकरी, पुरे. डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या करून घेतल्या, सगळं ठीक निघालं. "आवडीचं खायला घाला," म्हणाले. आवडच उरली नाही त्या माणसाला आवडीचं काय घालणार, डोंबल? मी धपाटे केले, शेंगदाण्याचे लाडू केले, त्यांच्या माहेरच्या पद्धतीचं भरीत केलं. माझं मन राखायला त्या एक घास मोडायच्या आणि हात धुवायला उठायच्या. मला भीती वाटत होती. वर्षाच्या आत या घरातून दुसरंही माणूस जाणार, आणि तेही माझ्या हातचं न खाता, असं मला वाटायला लागलं होतं.

गुढीपाडवा झाला तसा मी सासूबाईंपाशी आखितीच्या जेवणाचा विषय काढला. "तुमचं तुम्ही बघा," हे उत्तर मी धरूनच चालले होते. त्या खिडकीबाहेर बघत बसल्या होत्या. तशाच म्हणाल्या, "रस शेप्याचा पायजे."

कित्येक महिन्यांत त्यांनी मागितलेली ही पहिली वस्तू. मी स्वयंपाकघरात जाऊन आधी डोळे पुसले आणि मग गावी दिरांना फोन लावला.

शेप्या म्हणजे आमच्या पिशोरच्या शेतातलं, बांधावरचं आंब्याचं झाड. फळाला शेपूच्या भाजीचा वास येतो म्हणून शेप्या. फळ लहान, कोय मोठी, दातांत दोरे अडकणार, पण रस असा की वाटी पुसून खावी. सासऱ्यांनी जन्मभर शहरात नोकरी केली आणि जीव त्या बांधावर ठेवला. उन्हाळ्यात शनिवारी एसटीनं जायचे, रविवारी पोतं घेऊन यायचे. हापूसला ते "पेटीतला पाहुणा" म्हणत. शेप्याला फवाऱ्याचा थेंब कधी लागला नाही. दर उन्हाळ्यात त्या शेतात धनगराच्या मेंढ्या बसवायच्या, तेच त्याचं खत. आता हे सगळं आमचे चुलत दीर बघतात.

आता रस जर शेप्याचा, तर बाकीचं पान दुकानातल्या पुड्यांवर कसं वाढायचं? मी एकदा मनावर घेतलं की घरात कुणाला सुख लागत नाही, असं आमच्या ह्यांचं मत आहे, आणि ते खरं आहे. मी ठरवून टाकलं की या पानावर जे येईल ते आपल्या मातीतलं आणि बिनऔषधाचं. पोळीला घरचा गहू होताच. पुरणाला गूळ पिशोरकडच्या गुऱ्हाळातला, काळपट, सोनेरी दिसावा म्हणून काही न घातलेला. हरभरा दिरांचा, डाळ इथल्या गिरणीतून भरडून आणली. खरबुजासाठी ह्यांना पाचोडच्या आठवडी बाजारात पिटाळलं. ते खरबुजं घेऊन आले, सोबत लिंबं, गवार आणि मला न विचारता घेतलेली चार किलो वांगी. मग आठवडाभर आमच्याकडे वांगीच होती.

मध्येच एकदा मी आमच्या भागातल्या सेंद्रिय मालाच्या दुकानात गेले. आत गारेगार, मालाला सुंदर कागदी पिशव्या. चिंच घेतली, उलटून पाहिली तर ती तिसऱ्याच राज्यातून आलेली. आमच्या गल्लीच्या टोकाला चिंचेचं झाड आहे, त्याखाली पोरं चिंचा तुडवत जातात. मी पिशवी जागेवर ठेवली आणि गल्लीत येऊन चिंचा वेचल्या. चिंचवणी त्यांचंच झालं.

सगळं जमत होतं, फक्त मुख्य गोष्ट अडली होती. "वहिनी, पाड लागला नाय अजून," दीर म्हणाले. पाड म्हणजे झाडावरच पिकून आपसूक गळालेलं पहिलं फळ. पाड पडला की समजायचं, झाड तयार झालं, आता उतरवा. शेप्याचा पाड जूनच्या तोंडाशी पडतो, आणि यंदाची आखिती आली एप्रिलातच. "पण ऊन लई हाय औंदा. कैऱ्या भरल्यात. आढी लावून बघू," असं तेच म्हणाले, आणि माझ्या जिवात जीव आला.

दीर पोतंभर कैऱ्या घेऊन आले. आमच्या सामानाच्या खोलीत आम्ही आढी लावली. खाली गवत, त्यावर कैऱ्यांचा थर, वर पुन्हा गवत, आणि गोणपाट. उबेनं आंबा आत पिकत जातो. दुसऱ्याच दिवशी सकाळी मला त्या खोलीत खुडबूड ऐकू आली. सासूबाई गोणपाट उचलून वास घेत होत्या.

"गवत पातळ घातलंय," त्या म्हणाल्या. "ऊब कशी धरंल?"

मी पळत जाऊन आणखी गवत आणलं. मग रोजचंच झालं. चहा झाला की त्या आढीपाशी. कैऱ्या खालीवर करायच्या, एखादी गालाला लावून बघायच्या, मला काहीबाही सांगायच्या. सासरे एकदा एसटीत पोत्यावर बसूनच झोपले आणि रसानं भिजलेलं धोतर घेऊन घरी आले, हे मला तेव्हा कळलं. सांगताना त्या हसल्या. जेवणं अजून चतकोरच होती, पण पायांत बळ आलं होतं. मी मनात म्हटलं, देवा, एवढे आंबे पिकू दे, पुढचं मी बघते.

आंबे पिकले नाहीत. आखितीच्या आदल्या दिवशी आढी उघडली तर निम्म्या कैऱ्या सुरकुतलेल्या, काहींचे देठ काळे पडलेले. एक कापली. आत पांढरट, आणि चव अशी की माझे डोळे मिटले. पाडाआधी उतरवलेलं फळ पिकत नाही, वाळतं, एवढंच काय ते.

हे म्हणाले, "पेटी आणतो मी. वाटीत रस रसासारखाच दिसतो. आईला काय कळणार आहे?"

"त्यांना वासावरून झाड कळतं," मी म्हटलं. पण खोटं कशाला सांगू, पर्स घेऊन शहागंजात मीच गेले. एका गाडीवर लहान लहान, गावरानसारखे दिसणारे आंबे होते. मी विचारलं, देशी आहेत का? गाडीवाल्यानं विचारलं, कशाला हवेत? मी सांगून टाकलं की सासऱ्यांच्या नावानं पान आहे, त्यांच्या झाडाचे पिकले नाहीत.

त्यानं उचललेला आंबा परत ठेवला. "सच बोलूँ भाभी? अभी देसी कां से आता? बाहर का माल है, पावडर से पकाया हुआ है. उनके नाम का है तो ये नक्को ले जाव."

मी रिकाम्या हातानं परत आले. त्या माणसाचे उपकार मी विसरणार नाही. त्यानं एक डझन विकले असते तर मी त्याच्यावर विश्वास ठेवायला अगदी तयार होते.

घरी येऊन मी सासूबाईंना सरळ सांगून टाकलं. त्या उठून आढीपाशी गेल्या. खाली बसून त्यांनी एकेक कैरी चाचपली आणि ज्या अजून टणक होत्या त्या पदरात घेतल्या. मला वाटलं, आता पुन्हा तोच शब्द येणार.

"त्यांनी पाडाबिगर झाड कधी उतरिवलं नाय," त्या म्हणाल्या. "घाई आपल्यालाच झालती. याचं पन्हं कर. रस पाड लागल्यावर."

दुसऱ्या दिवशी घागरीवर खरबूज आणि शेप्याची हिरवी कैरी ठेवली. पुरणपोळी, गुळवणी, चिंचवणी, गवारीची भाजी, कुरडई, आणि रसाच्या जागी पन्ह्याचा पेला. पान सुरेख दिसत होतं. सासऱ्यांच्या फोटोकडे बघून मी मनातल्या मनात म्हटलं, चुकलं, माफ करा, पण माल सगळा आपला आहे. सासूबाईंनी अर्धी पोळी खाल्ली. आणि हात धुताना जाहीर केलं की, त्यांच्या फोटोपुढं शेप्याचा आंबा येईपर्यंत मी आंबा खाणार नाही.

मग आम्ही तरी कसे खाणार? ह्यांचं तोंड बघण्यासारखं झालं. आखिती होऊन गेली, सगळ्या गल्लीत मिक्सर फिरत होते, शेजारून रसाचा डबा आला तो तसाच कामाच्या बाईंना दिला. ह्यांनी महिनाभर भाताशी लोणचं खात देशावर उपकार केल्यासारखा चेहरा ठेवला. पण एकदाही चोरून खाल्लं नाही, हे त्यांच्या बाजूनं सांगायलाच हवं.

माझी भीती मात्र परतली होती. उपाशी राहायला त्यांना आता एक कारणच मिळालं, असं मला वाटत होतं. तसं झालं नाही. त्या रोज संध्याकाळी स्वतः फोन लावून दिरांना विचारायला लागल्या, "पडला का रं?" तिकडून उत्तर यायचं, "नाय काकू." की त्या म्हणायच्या, "बरं, उद्या बघ." आढी बिघडली ते बरंच झालं, असं मी आज म्हणू शकते. पिकली असती तर आखितीला रस झाला असता, आणि दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा खिडकीपाशी बसल्या असत्या. उद्याची वाट बघायला त्यांना शेप्यानं लावलं.

मे सरता सरता एका दुपारी दीर दारात उभे. हातात पंचा, पंच्यात गवत, गवतात एकच आंबा. "पडला, काकू. पहाटंच्या वाऱ्यात." त्या एका आंब्यासाठी ते कन्नड मार्गे दोन बस बदलून आले होते. मी त्यांना पाणी दिलं.

सासूबाईंनी आंबा धुतला, फोटोपुढे ठेवला आणि हात जोडून बसल्या. आम्ही सगळे मागं उभे. खोलीभर शेपूचा वास सुटला होता. थोड्या वेळानं त्यांनी तो उचलला, दोन्ही तळव्यांत फिरवून मऊ केला, देठ काढला, चिकाचा पहिला थेंब पिळून टाकला आणि तोंडाला लावला. रस कोपरापर्यंत ओघळला, त्यांनी पुसला नाही. कोय पांढरी होईपर्यंत चोखली. मग त्यांनी दिरांकडे बघितलं.

"दुसरा हाय का?"

नव्हता. "नाही" म्हणताना मला जन्मात इतका आनंद झाला नव्हता.

"परवा आणतो काकू," दीर गडबडून म्हणाले, "पाटी भरून आणतो."

"परवा?" सासूबाई म्हणाल्या. "उद्या नाय व्हय जमत?"