बाबांच्या हनुवटीवरची तुरटी

नवा रेझर घेताना मी दुकानात बराच वेळ घालवला. दांडा हातात तोलून पाहिला, सोबत मऊ केसांचा ब्रशही घेतला. आज त्याच रेझरनं दाढी केली आणि गुळगुळीत गालावरून हात फिरवत बाहेर आलो.

बाबा खिडकीपाशी हनुवटीवरच्या ओरखड्यावर तुरटी फिरवत होते. शेजारी त्यांचा रेझर पडला होता. तो मीच टाकून दिलेला, बोथट झालेला.

"चालतो रे अजून," ते म्हणाले.

माझ्या जुन्या चपला, माझे विटलेले शर्ट, सगळंच त्यांना चालतं. लहानपणी घरातलं नवं ते आधी मला मिळायचं. पन्नाशी आली तरी मी ते तसंच घेत राहिलो.

ओशाळून नवा रेझर त्यांच्यापुढे धरला. त्यांनी तो कौतुकानं न्याहाळला आणि माझ्या हातात परत ठेवला.

"छान आहे. तुझा वापरून झाला की दे मला."