मिठागराचे मीठ आणि सुनेचा थायरॉइड

मीठ हा संस्कृतीचा पाया आहे. हे वाक्य मी विरार पूर्वेच्या आमच्या सोसायटीत, सत्यनारायणाच्या पूजेनंतर, माइक हातात धरून म्हटले होते. मंडळी प्रसादाच्या रांगेत असल्यामुळे कोणी हरकत घेतली नाही. पाकिटातले आयोडीनवाले मीठ हा कंपन्यांचा बनाव आहे, असेही मी पुढे म्हणालो. त्याच आठवड्यात नायगावच्या मिठागरातले खडे मीठ पोतेभर आणले आणि बायकोला बजावले, "यापुढे स्वयंपाकात हेच." ती "बरं" म्हणाली.

दोन वर्षांनी सून गरोदर राहिली. पहिल्याच तपासणीत तिचा थायरॉइड कमी निघाला. मुलगा कामावर होता, म्हणून दवाखान्यात तिच्याबरोबर आम्ही दोघे गेलो. सुरुवातीच्या महिन्यांत बाळाच्या मेंदूची वाढ आईच्याच थायरॉइडवर चालते, असे डॉक्टरीणबाईंनी सांगितले. मग सहज विचारले, "आयोडीन कमी पडलं तरी असं होतं. घरात मीठ कुठलं वापरता?"

मी भिंतीवरच्या तक्त्यातला गर्भ बघू लागलो. सून माझ्याकडे बघत नव्हती, ते तर फारच लागले.

"पाकिटातलं, आयोडीनवालं," बायको म्हणाली.

"आणि ते पोतं?" माझ्या तोंडून निघून गेले.

"अहो, त्यानं मी बोंबील धुते. तुमच्या भाषणावर घर चालवलं असतं तर झालंच होतं!"

सून खाली बघतच म्हणाली, "बाबा, मला माहीत होतं. आई म्हणाल्या, सांगू नकोस, त्यांना वाईट वाटेल."

"मग मिठाचा दोष नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "कधी कधी शरीर स्वतःच्याच ग्रंथीवर उठतं. रक्त पुन्हा तपासू. गोळी उद्यापासून, सकाळी उपाशीपोटी. वेळेवर आलात, घाबरू नका."

मला हायसे वाटले. कशाने, हे लिहायला हात धजत नाही. बाळाचे ठीक होईल, हा विचार दुसरा होता. पहिला होता, मी सुटलो. बायकोने तो ओळखला असावा. फाइल पिशवीत कोंबत ती म्हणाली, "चला, सुटलात."

पुढच्या तपासणीत सुनेचा आकडा जागेवर आला. त्याआधीची दोन्ही वर्षे मी जेवताना सगळ्यांना सांगत असे की मिठागराच्या मिठाची आमटी पहिल्या भुरक्यालाच ओळखू येते.