अक्कोच्या भिंतीतले शिंपले

एका गवंड्याला मी खोटारडा ठरवले होते. निवृत्त होऊन काही वर्षे झाली, तरी ते प्रकरण मनातून जात नाही.

तेव्हा मी श्रीरामपूर भागातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. बेलापूरच्या बाजूच्या एका गावातले चर्चचे लोक पवित्र भूमीची यात्रा करून आले होते. शेवटच्या दिवशी ते अक्को हे भूमध्य समुद्रावरचे प्राचीन बंदर पाहायला गेले. तिथे बसमध्ये ठेवलेल्या पिशवीतून पत्नीची सोनसाखळी गेली, असा अर्ज एका निवृत्त मुख्याध्यापकांनी ठाण्यात दिला. संशयित म्हणून गावच्या गवंड्याचे नाव होते. चर्चची भिंत त्याने मजुरी न घेता बांधली, म्हणून लोकांनीच वर्गणी काढून त्याला यात्रेला नेले होते. अक्कोत तो दोन तास कुणालाच दिसला नव्हता. घटना परदेशातली, त्यामुळे गुन्हा दाखल न करता मी अर्जावर चौकशी सुरू केली.

इकडे चर्चच्या दाराची कमान त्याच्या हातून अर्धी झाली होती. ती त्याच्याकडून काढून दुसऱ्या गवंड्याला द्यायची की नाही, हे रविवारी ठरणार होते.

तीन दिवस मी त्याला बाकावर बसवून ठेवले. यात्रेतले बाकीचे लोक जमिनीखालचा बोगदा, धर्मयुद्धातल्या सरदारांची दालने, सगळे धडाधड सांगत. याला एकही सांगता येईना.

"मग दोन तास केलंस काय?"

"भिंत बघत हुतो साहेब. समुद्राच्या कडंची. लाटा खाऊन शेकडो वर्सं उभी हाय. लई कसबी मानसं असतील ती. आन दगडात शिंपले हायेत!"

आमच्याकडचा दगड काळा, घणालाही दाद न देणारा. त्यात शिंपले कुठून येणार? "थापा मारू नकोस," म्हणत मी टेबलावर हात आपटला. तो दचकला, पण थांबला नाही. "एका जागी जुना दगड काढून नवा बसवलाय. त्यो काय त्या गवंड्याला जमला न्हाई."

स्वतःचे नाव बुडत असताना हा बाबा परक्या गवंड्याच्या कामावर हळहळत होता. मला राग आला, आणि खरे सांगायचे तर कौतुकही वाटले.

शनिवारी सकाळी ठाण्यात एका बाईचा फोन आला. "सरांच्या मोबाईलमधला व्हिडिओ नीट बघा," एवढे बोलून तिने फोन ठेवून दिला.

मी मोबाईल मागवून घेतला. व्हिडिओ मुख्याध्यापकांनीच काढला होता. समुद्राकडच्या त्या भिंतीजवळून जाताना, मध्ये थांबल्यावर आणि परत येताना, असे त्या दोन तासांतले त्याचे तीन तुकडे होते. तिन्हींत मागे एका कोपऱ्यात गवंडी पाठमोरा उभा होता, तळहात भिंतीवर. बस तर पार शहराबाहेर होती. यात्रेतल्या प्रत्येकाने तो व्हिडिओ पुन्हापुन्हा पाहिला होता, पण माणूस अशा वेळी आधी स्वतःचा चेहरा शोधतो.

मोबाईल परत द्यायला मी मुख्याध्यापकांच्या घरी गेलो. "चहा घेताय ना साहेब?" त्यांच्या पत्नीने विचारले, आणि फोनवरचा आवाज मी ओळखला. फोनचा विषय न काढता मी एवढेच म्हणालो, "बाई, प्रवासात सोनं कुठं ठेवता?"

त्या आत गेल्या आणि शेंगदाण्याच्या चटणीचा डबा घेऊन आल्या. साखळी त्यात होती.

"चोर चटणीत कशाला हात घालंल, म्हणून मीच ठेवली हुती आन इसरले. घरी आल्यावर घावली. पर तवर ह्यांनी चारचौघांत त्याचं नाव घेतलं हुतं."

 रविवारी मुख्याध्यापकांनी चर्चमध्ये उभे राहून सगळ्यांसमोर गवंड्याची माफी मागितली. कमान त्यानेच पुरी केली. माफी मागायचा राहिलो तो मीच.

निवृत्तीनंतर मी मुद्दाम अक्कोला गेलो. काय शहर आहे ते! दालनांचे खांब बघून मान दुखली, बोगद्यातून दोनदा फिरलो. मग समुद्राकडच्या भिंतीपाशी आलो आणि दगडावर हात ठेवला. बोटाला शिंपला लागला. साऱ्या नोकरीत मी लोकांना 'काय पाहिलंस?' असे विचारत आलो. जन्मभर दगड हाताळलेला माणूस शहरात काय पाहील, हे मला तिथे कळले.

तिथूनच त्याला फोन लावला. "माझं चुकलं," मी म्हणालो. "शिंपले आहेत."

"व्हय साहेब," तो म्हणाला. "आता जरा डावीकडं सरका. त्यो नवा दगड दिसतोय का?"