बाईवाली, मेंढेवाली आणि उलटं विमान

ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात किस्से गोळा करावे लागत नाहीत. गाडी दुरुस्त होईपर्यंत माणसं बोलत बसतात, आणि साठच्या दशकात आमच्या जळगावच्या अड्ड्यावरच्या गाड्या कायम दुरुस्तच होत असत! सगळ्या जुन्या अमेरिकन पिकअप. नंबर कुणाच्या लक्षात राहत नसे. बॉनेटवर जी चकचकीत मूर्ती, तीच गाडीची ओळख. रावेरचे केळीवाले बांधावरून लांबूनच मूर्ती बघत आणि आपल्या गाडीला हात करत.

*

आबा ड्रायव्हरच्या बॉनेटवर विमान होतं. एकदा रंगकामानंतर त्यांनी ते उलटं बसवलं. नाक काचेकडे, शेपटी रस्त्याकडे.

"आबा, हे काय?" मी विचारलं.

"पॉलिश मी करस, अन् तोंड लोके देखतीन?"

त्या आठवड्यात रावेरला त्यांना कुणीच हात केला नाही. लोकांना समोरून शेपटी दिसे. गाडी आपल्याला सोडून चालली, असंच त्यांना वाटे!

*

दुसऱ्या एका गाडीवर मेंढा होता. दसऱ्याला ड्रायव्हरने त्याला कुंकू लावलं, हार घातला. तेवढ्यात आमचे जैन शेठजी कापूस भरायला आले आणि जागीच थांबले.

"कुंकू लावलेला मेंढा कुठे नेतात, ते मला ठाऊक आहे. माझा कापूस या गाडीत जाणार नाही!"

"शेठजी, लोखंडाचा आहे तो."

"म्हणून काय झालं?"

शेठजींनी स्वतःच्या रुमालाने कुंकू पुसलं, मगच कापूस चढला. पुढे दर खेपेला ते मेंढ्यापुढे मूठभर हरभरे ठेवत. ड्रायव्हर शिरपूरपर्यंत ते खात जाई.

*

पण सगळ्यांत नावाजलेली गाडी आमच्या नानांची. बॉनेटवर पंखवाली बाई, अंगावर चिंधी नाही. गाडी पहिल्यांदा दारात आली तेव्हा नानांची बायको, म्हणजे आमच्या अक्का, बाहेर आल्या.

"हाई कोन शे?"

"गाडीसंगे उनी," नाना म्हणाले.

अक्कांनी तिला लाल खणाची चोळी शिवली. पंखांसाठी मागे दोन चिरा ठेवल्या. शिवाय नानांकडून शपथ घेतली की तिच्याकडे बघायचं नाही. तेव्हापासून नाना मान तिरकी करून गाडी चालवत. नवीन गिऱ्हाईक हमखास विचारी, "नाना, मान आखडली का?"

*

एकदा चोळी धुवायला काढली, आणि नेमकी त्याच दिवशी धुळ्याच्या स्टँडवरून बाई चोरीला गेली.

"उघडी व्हती म्हनीसनच गयी!" अक्का म्हणाल्या.

केळीचा हंगाम ऐन भरात. नाना रावेरच्या रस्त्याने जायचे आणि रिकामी गाडी घेऊन परत यायचे. बांधावरची माणसं बाईवालीची वाट बघत त्यांच्याच गाडीकडे पाठ फिरवायची. मला फार वाईट वाटायचं. हंगाम असाच गेला असता, तर गाडी विकण्यावाचून इलाज नव्हता.

मग निरोप आला. धुळ्याला चोर सापडला होता, गोणीभर मूर्तींसकट. नाना, अक्का आणि मी चौकीत गेलो. फौजदारांनी टेबलावर तीन पंखवाल्या बायका मांडल्या. तिन्ही वेगवेगळ्या गाड्यांच्या, पण दिसायला बहिणी-बहिणी.

"ओळखा तुमची. ओळख पटल्याशिवाय देता येणार नाही."

नाना भिंतीकडे बघत राहिले.

"अहो, इतकी वर्षं तुमच्या डोळ्यांसमोर होती ना?"

"समोर होती साहेब. बघितली नाही कधी."

फौजदार मूर्ती गोणीत भरू लागले. तशा अक्का पुढे झाल्या आणि त्यांनी पिशवीतून लाल चोळी काढली.

"थांबा साहेब. मी माप देखस. पन पहिले तुम्ही बठ्ठा तिकडे तोंड करा!"

फौजदारांनी शिपायांकडे पाहिलं, शिपायांनी फौजदारांकडे. मग सगळी चौकी भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. फौजदारांनी तर टोपीही नीट केली.

नाना आधीपासूनच तसे उभे होते.