पौषातला पंखा

बायको जाऊन आठ महिने झाले. घरात बोलायला कुणी न्हाय, म्हणून वहीत लिहितोय. माझं शिक्षण उर्दू चौथी. निजामाच्या राज्यात आमच्या शाळेत सगळं उर्दूच होतं. मराठी अक्षरं मी नंतर दुकानांच्या पाट्या वाचून शिकलो, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घावरून कुणी भांडण काढू नका.

मी तालुक्याच्या तहसील कचेरीत पंखा ओढायच्या नोकरीला होतो. कोणता तालुका ते सांगत न्हाय. विजेचं नाव त्या वेळी कुणाला ठाऊक नव्हतं. तहसीलदाराच्या डोक्यावर आढ्याला एक लांबरुंद कापडी पंखा टांगलेला, त्याला खाली झालर. त्याची दोरी भिंतीच्या भोकातून मागच्या पडवीत यायची आणि पडवीत मी बसायचो. हातानं ओढायची, हात दुखला की पायाच्या अंगठ्याला बांधून ओढायची. आत कोण बसलंय, काय चाललंय, मला काही दिसायचं न्हाय. चार वर्षं ज्याला वारा घातला त्या तहसीलदाराचं तोंड मी मोजून पाच-सहा वेळा बघितलं असंल.

उन्हाळ्यात जीव निघायचा. पण दिवाळी झाली की पंखा बंद आणि होळीपर्यंत मी पडवीत ऊन खात बसायचो. पगार मात्र बाराही महिने. खोटं कशाला बोलू, लई सुखाचे दिवस होते.

या नोकरीला पितळेचा बिल्ला होता आणि त्या बिल्ल्यावरच माझं लग्न जमलं. सासरा जळकोटचा. शेती बरी, बैल चांगले, जीभ लई वाईट. हळदीच्या दिवशी चार माणसांत मला म्हणाला, "जावई, तुमचं तोंड बघून पोरगी दिली न्हाय. बिल्ला बघून दिली. बिल्ला गेला की पोरगी माघारी नेणार. आत्ताच सांगतो, मागनं रडू नका."

मी हसलो. तो हसला न्हाय.

लग्नाला वरीस झालं न झालं तोच एका मेंबरनं घोटाळा केला. आमच्या भागातला एक वकील हैदराबादच्या कायदे कौन्सिलात मेंबर होता. तो तिथं उभा राहिला आणि बोलला, की सरकारचा खर्च दरसाल फुगत चाललाय, कामं तेवढीच आणि माणसं दुप्पट झालीत. उर्दू अखबारात ते छापून आलं. आमचा पेशकार, म्हणजे कचेरीतला मोठा कारकून, तो सगळ्यांना वाचून दाखवत होता. भाषण लांबलचक होतं. त्यात नवे बंगले होते, मोटारी होत्या, बड्या साहेबांचे दौरे होते. आणि शेवटी एक ओळ होती, की आमच्या जिल्ह्यात भर थंडीतसुद्धा पंखेवाल्याला पगार चालू असतो.

सगळी कचेरी वळून माझ्याकडं बघायला लागली. बंगले, मोटारी कुणाला ऐकूच आल्या न्हाईत.

पेशकार म्हणाला, "मियाँ, हैदराबादेत तुझं नाव झालं रे."

मी म्हणालो, "पेशकारसाब, आता काय व्हईल?"

"होतंय काय? जवाब द्यावा लागंल."

जवाब द्यायचा म्हणून एक नवा कारकून नेमला. त्याला टेबल-खुर्ची आली. त्याला आकडे गोळा करायला एक मदतनीस दिला. त्या दोघांना पाणी द्यायला एक चपरासी. खर्च का वाढला याचा जवाब लिहायला तीन माणसं वाढली, आणि तिघंही माझ्याकडं असं बघायची की जणू मीच सरकार बुडवलं.

मग खबर आली की मेंबर स्वतः कचेरी बघायला येणार. महिना पौषाचा. भिंतींना चुना लागला, दारात कमान उभी राहिली, पंख्याला नवी झालर शिवली. मी घरी आलो तो तोंड पाडून.

बायको भाकरी थापत होती. म्हणाली, "काय झालं? कुणी मेलं का?"

"माझी नोकरी मरायला लागली. तो मेंबर म्हणतोय, मी बसून खातो."

"खोटं कुठं बोलतोय? बसूनच खाताय की."

"अगं, बिल्ला गेला तर तुझा बाप तुला नेईल!"

तिचा हात थांबला. भाकरी तव्यावर करपली तरी तिनं उलटली न्हाय, तेव्हा मला कळलं की तिलाही जायचं न्हाय. वर्षभरात तिनं तसं कधी दाखवलं नव्हतं. मग म्हणाली, "बसून खातो म्हणतोय ना? मग तो यील तेव्हा बसू नका. ओढा पंखा."

"पौषात?"

"तुमाला तर गरम व्हईल! काम करणाऱ्या माणसाला कोण काढतंय?"

मला पटलं. मी पेशकाराला सांगितलं. त्याला इतकं पटलं की त्यानं ते स्वतःचंच डोकं म्हणून तहसीलदाराला सांगितलं. हुकूम निघाला, त्या दिवशी कचेरीत एकही माणूस रिकामा दिसता कामा नये आणि पंखा जोरात चालला पाहिजे.

त्या दिवशी असा गारठा होता की हौदाला हात लावला तर बोटं बधिर व्हायची. मेंबर आला. मी ओढायला सुरुवात केली. नोकरीचा सवाल, बायकोचा सवाल. उन्हाळ्यात कधी ओढला नव्हता असा ओढला. आतलं मला दिसत नव्हतं, पण भोकातून ऐकू येत होतं, आणि बाकीचं चपराशानं नंतर सांगितलं. तहसीलदारानं कानाला मफलर, अंगावर शाल आणि शालीवर दुसरी शाल घेतली होती. मेंबरच्या फेट्याचा शेमला त्याच्याच तोंडावर फडफडत होता. चहा ओतेपर्यंत गार झाला.

मेंबर म्हणाला, "तहसीलदारसाहेब, हा पंखा कशासाठी?"

तहसीलदार म्हणाला, "जनाब, हमारे यहाँ काम बारा महीने चलता है. एक आदमी खाली नहीं बैठता." आणि तीन वेळा शिंकला.

"अहो, पण तुम्ही कुडकुडताय!"

"आदत हो गयी, जनाब."

मी ते ऐकलं. मला वाटलं साहेब माझी तारीफ करतोय. मी आणखी जोर लावला. तशी टेबलावरची जवाबाची सगळी कागदं उडाली. नवा कारकून, त्याचा मदतनीस आणि त्यांचा चपरासी तिघंही कागद धरायला धावले. नेमणूक झाल्यापासून तिघांना पहिल्यांदाच काम लागलं होतं.

मेंबर उठला आणि तरातरा मागं पडवीत आला. मी घामानं निथळत होतो. सगळ्या कचेरीत घाम एकट्या मला आलेला. शेजारी बायको भाकरी घेऊन आलेली, ती उभी.

मेंबर म्हणाला, "अरे बाबा, थांब! थंडीत पंखा ओढायला तुला वेड लागलंय का?"

मी दोरी सोडून उभा राहिलो. बायको बोलली. डोक्यावर पदर घेतला, पण आवाज काही खाली घेतला न्हाय. "त्यांला कशाला विचारता? तुमीच म्हणलाव न्हवं, बसून खातोय म्हणून? म्हणून ओढतोय. तुमी आला नसता तर गुमान बसला असता. ना साहेब शिंकला असता, ना तुमचा फेटा उडाला असता."

मी तिला म्हणालो, "गप की!"

ती माझ्यावरच वळली, "सुम्नं कुंदरी!" चिडली की ती कानडीत जायची. तुम्हीच गप बसा, असं तिनं मला सुनावलं होतं.

मेंबर हसला. माणूस वाईट नव्हता. म्हणाला, "बाई, मी याच्यावर एकच ओळ बोललो. बाकी सगळं वरच्या लोकांच्या खर्चावर होतं."

"मग वरचे पंख्याखाली बसलेत की. ते सोडून पंख्यामागचाच कसा घावला तुमाला?"

 मेंबरनं फेटा नीट केला आणि म्हणाला, "मी लक्ष घालतो."

त्यानं लक्ष घातलं हेच वाईट झालं. दीड महिन्यानं हैदराबादहून हुकूम आला. पंखेवाला थंडीत नको असतो, आणि थंडीत ओढला तर साहेब आजारी पडतो, सबब ती जागा कमी. उन्हाळ्यात लागंल तेव्हा रोजंदारीवर माणूस घ्यावा. आणि असली बचत बरोबर होते का न्हाय ते बघायला एक नवा दारोगा, घोड्यासकट. जवाब लिहिणारे ते तिघं कायम झाले. मी बिल्ला परत दिला. बंगले आणि मोटारी होत्या तिथंच राहिल्या.

सासऱ्याला बातमी कुणी दिली कुणास ठाऊक. तिसऱ्या दिवशी बैलगाडी दारात. माझ्याकडं न बघता तो लेकीला म्हणाला, "बांध गाठोडं."

मी खांबाला टेकून उभा होतो.  आपण पुरुष म्हणवून घेतो, पण त्या वेळी मला नुसतं रडू येत होतं.

तिनं मुकाट गाठोडं बांधलं.  मग तिनं माझं धोतर, बंडी, माझा तांब्या, सगळं त्याच गाठोड्यात कोंबलं.

सासरा म्हणाला, "हे कुणाचं?"

"ह्यांचं."

"ह्याला कोण न्यायला आलंय?"

"आप्पा, तुमी मला न्यायला आलाव. मी ह्यांच्या घरची. मला न्यायचं तर हे बी आले. न्हायतर बैलं सोडा, जेवा आणि एकटे जावा."

सासऱ्यानं गाडीचं जू उगाच चाचपून बघितलं. एक तोंड माघारी न्यायला आलेला माणूस, त्याच्या घरी आता दोन तोंडं वाढणार होती. शेवटी माझ्याकडं बघून म्हणाला, "चढा, जावई. आता काय मुहूर्त बघताय?"

वाटेत त्यानं बैलांना दिलेल्या शिव्या सगळ्या माझ्यासाठी होत्या, हे बैलांनाही कळत असंल. जळकोटची शिव आली तसा त्यानं मागं न बघता लेकीला विचारलं, "किती दिस ऱ्हाणार हा?"

ती शेंगा फोडत होती. दोन दाणे माझ्या हातावर ठेवले आणि म्हणाली, "बघू."

जळकोटात त्या 'बघू'वर मी म्हातारा झालो. सासऱ्याचीच जमीन कसली, त्याला खांदाही मीच दिला. गावानं जन्मभर घरजावई म्हणून हिणवलं, ते मी ऐकून घेतलं, कारण ती घरात होती. आता ती न्हाय. आणि मी किती दिस ऱ्हाणार ते विचारायलाही कुणी उरलं न्हाय.