मशीनच्या तेलावर चालणारी सायकल

आमच्या घरात जे काही फिरतं, त्याला शिलाई मशीनचं तेल मिळतं. दाराच्या बिजागऱ्या, टेबलफॅन, फाटकाची कडी, सगळ्यांना एकच औषध. आम्ही दर्जी माणसं. गुरुवारी दुकान आवरताना प्रत्येक मशीनला तेल द्यायचं, म्हणजे शुक्रवारच्या सुट्टीत ते आत मुरतं, ही अब्बांची शिस्त. नमाज एखादी चुकली तर अब्बा नुसते बघायचे, तेल चुकलं तर बोलायचे. त्यामुळे माझ्या थोरल्या भावाने पन्नाशी ओलांडल्यावर गिअरची सायकल घेतली, तेव्हा तिच्या चेनमध्ये काय घालायचं हा प्रश्न त्याला पडलाच नाही.

त्याला मी भाई म्हणायचो. साखर वाढली म्हणून डॉक्टरांनी त्याला रोज चालायला सांगितलं होतं. भाईचं म्हणणं, चालण्यात कसली मजा, चालणं म्हणजे न मिळालेल्या रिक्षाची वाट बघणं. त्या काळात सांगलीत रविवारच्या सायकलवाल्यांचं पेव फुटलं होतं. डॉक्टर, वकील, प्रोफेसर, सगळे अंगाला चिकटलेले कपडे घालून पहाटे आमच्या माधवनगरच्या रस्त्याने भुर्रकन जायचे. भाई ते बघून आला आणि सायकल घेऊन बसला. कपडे मात्र त्याने नाकारले. इतक्या वाईट शिवणीचं कापड मी अंगाला लावणार नाही, म्हणाला. स्वतःसाठी आणि माझ्यासाठी त्याने खास पँटी शिवल्या, बुडाला गोधडीसारखा फोम घालून. त्या घालून चालताना आम्ही दोघे बदकासारखे दिसायचो, हे त्याला मान्य नव्हतं.

माझी सायकलही त्यानेच आणली, जुनी, कुणाकडून तरी. माझ्या सीटची उंची त्याने माझ्या पँटीच्या आतल्या मापावरून ठरवली. ते माप त्याला पाठ होतं, टेप लावायचीही गरज पडली नाही. नंतर एका शिकलेल्या सायकलवाल्याकडून कळलं की जगभर सीटची उंची अशीच काढतात. हे सांगितल्यावर भाई आठवडाभर नाकाने कांदे सोलत होता.

शनिवारी संध्याकाळी आमच्या सामाईक अंगणात सायकली उलट्या व्हायच्या. एका बाजूला त्याच्या खोल्या, समोर माझ्या, मध्ये फरशीचं अंगण. जुन्या टूथब्रशने आणि डिझेलने चेन धुवायची, दुकानातल्या कातरणाने पुसायची, ब्रेकचे रबर दोन्ही बाजूंनी सारखे टेकतात का ते बघायचं, आणि शेवटी लांब नाकाच्या बुधलीतून मशीनचं तेल. सायकलच्या दुकानदाराने त्याला कितीदा सांगितलं होतं की हे तेल फार पातळ आहे, चेनवर टिकत नाही, चेनचं तेल वेगळं मिळतं. भाई हो हो म्हणायचा आणि मशीनचंच घालायचा. आमच्यात ही चूक कुणालाही सांगून सुधारत नाही. आम्हाला जगात दुसरं तेल असतं यावर विश्वासच बसत नाही.

परिणाम ठरलेला. आम्ही कुंडलला जायचो, नांद्रे, वसगडे, भिलवडी स्टेशन, पलूस असं करत. पलूस यायच्या आत चेन कोरडी होऊन चिवचिवायला लागायची. मग भाई रस्त्याच्या कडेला उतरायचा, खिशातून बुधली काढायचा आणि एकेका कडीवर थेंब सोडत बसायचा. बाजूने ते चिकट कपड्यांवाले जाताना विचारायचे, काही मदत पाहिजे का? भाई म्हणायचा, नको, औषधाची वेळ झालीय.

सातारा हे भाभींचं माहेर. एकदा त्या माहेरी असताना एका नातेवाइकाच्या टेम्पोत सायकली टाकून आम्ही दोघे तिथे गेलो आणि सकाळी तिथून मेढ्याला निघालो. आमच्याकडचा रस्ता सपाट, ऊस आणि द्राक्षं आणि पुन्हा ऊस. जावळीचा चढ बघून माझे पाय बोलायला लागले. मी उतरलो. भाईला चढता येत होतं, तो माझ्याहून दणकट होता, पण तोही उतरला आणि सायकल हातात धरून माझ्या शेजारी चालत राहिला. मेढ्याच्या स्टँडवर आम्ही गरम भजी खाल्ली आणि त्याने भाभींसाठी पुडी बांधून घेतली. साताऱ्याला पोचेपर्यंत तिचा लगदा झाला होता. भाभींनी ती पुडी उघडून सगळी संपवली. मी चिडवलं तर म्हणाल्या, तेल चांगलं होतं.

गेल्या हिवाळ्यात भाई गेला. दुपारची वेळ, दुकानात एका गिऱ्हाइकाच्या खांद्याचं माप घेत होता. टेप हातात धरूनच खाली बसला. मी समोरच्या मशीनवर होतो. मिरजेला नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

त्यानंतर भाभी इद्दतीत बसल्या. नवरा गेल्यावर बाईने चार महिने दहा दिवस घरात राहायचं, बाहेर पडायचं नाही, परक्या पुरुषांसमोर यायचं नाही. दीरही त्या हिशेबात परकाच. ज्या भाभींनी मला तीस वर्षं जेवायला वाढलं, माझ्या शर्टाचा रंग चुकला तर तोंडावर सांगितलं, त्या आता समोरच्या दाराला लावलेल्या पडद्याआड होत्या आणि आमचं बोलणं माझ्या बायकोमार्फत चालायचं. घरात आम्ही आमच्या बोलीत बोलतो; इथे ते मराठीत लिहितो आहे.

पहिल्याच आठवड्यात बायको निरोप घेऊन आली. भाभी म्हणतात, चाळीसाव्याला सायकल देऊन टाका. कुणी गरजू असेल त्याला.

चाळीसाव्या दिवशी फातेहा, म्हणजे गेलेल्याच्या नावाची प्रार्थना, होते, जेवण होतं आणि त्या माणसाचे कपडे, अंथरूण गरजूंना देतात. त्याचं पुण्य त्याला पोचतं. हे मला माहीत होतं. पण भाभींनी त्याची कात्री ठेवली होती, चष्मा ठेवला होता, घड्याळ ठेवलं होतं. द्यायला फक्त सायकल काढली होती. मी भडकलो. बायकोला म्हणालो, त्यांना अंगण मोकळं करायची एवढी घाई का झालीय? माणूस जाऊन आठ दिवस नाही झाले. बायको म्हणाली, वस्तू त्यांच्या नवऱ्याची आहे, त्यांनी ठरवायचं. तेही खरं होतं. म्हणून मला आणखी राग आला.

मग मी आमच्याच रिवाजाचा आडोसा घेतला. मेलेल्याच्या नावाने द्यायची वस्तू आपण स्वतः वापरू अशी असली पाहिजे. तुटकं फुटकं दिलं तर त्याला काही अर्थ नाही. मी निरोप पाठवला, सायकल नादुरुस्त आहे, दुरुस्त करून देतो.

सायकलला काहीही झालेलं नव्हतं. शनिवारी तिला तेल मिळालं होतं आणि भाई मंगळवारी गेला होता. पण शोधणाऱ्याला दोष सापडतोच. चेन ताणली गेली होती, ती बदलली. ब्रेकचे रबर अजून वर्षभर टिकले असते, तेही बदलले. मागच्या चाकात किंचित वाक होता, तारा आवळत मी दोन संध्याकाळी घालवल्या, चाक सरळ झालं आणि मग जरा जास्तच आवळून पुन्हा वाकडं केलं. गिअरची वायर मागवली. ती पुण्याहून यायला वेळ लागेल, असं सांगितलं. आली तेव्हा दुकानाच्या खणात टाकून ठेवली. चाळीसावा आला. पुलाव झाला, फातेहा झाली, भाईचे कपडे घड्या करून गेले. मीच शिवलेले होते त्यातले काही. सायकल अंगणात उलटी, चाकं वर. त्या रात्री भाभींनी पुन्हा विचारलं, आणि मी पुन्हा वायरचं नाव सांगितलं.

वायर शेवटी बसवावीच लागली. पण दुरुस्त केलेली सायकल चालवून बघावी लागते, नाही का? दुकान बंद केलं की मी रोज बुधगावपर्यंत एक फेरी मारायला लागलो. रविवारी लांब. माझी सायकल तशीच भिंतीला टेकून होती, तिच्या सीटवर धूळ बसली. भाई माझ्याहून उंच. सीट खाली घ्यायला एक मिनिट लागलं असतं, पण ते मला जमलं नाही. त्या उंचीवर माझी टाच पॅडलला पुरत नव्हती, कंबर दोन्ही बाजूंना डुलायची, गुडघा दुखायला लागला. मला ते दुखणं चालत होतं. चेनला तेल मशीनचंच घालत होतो. पलूसच्या अलीकडे ती चिवचिवायला लागली की मी उतरायचो, बुधली काढायचो, आणि कधी कधी तिथेच बसून रडायचो. ट्रॅक्टरवाले बघून जायचे. मला भाई हवा होता, बाकी काही नाही. ती सायकल चालवताना एवढं तरी वाटायचं की तो कुठे फार लांब गेलेला नाही.

कुंडलला स्टँडजवळ एक चहावाला आहे, आमच्याच वयाचा. त्याच्याकडे आमचा थांबा ठरलेला. पहिल्या रविवारी त्याने सायकल ओळखली आणि माझ्या मागे रस्त्याकडे बघत राहिला.

"मोठं भाऊ मागं ऱ्हायलं व्हय?" त्याने विचारलं.

मी सांगितलं. त्याने फडकं खांद्यावर टाकलं, बाहेर आला आणि सायकलच्या हँडलवर हात ठेवला. मग म्हणाला, "लय निगा राखली हुती गड्यानं हिची." त्याच्या घरापासून टपरी दूर, तो रोज पहाटे दुधाचा कॅन डोक्यावर घेऊन चालत येतो, हे मला माहीत होतं. द्यायला याच्याहून योग्य माणूस मिळाला नसता, हेही मला तिथे उभ्या उभ्या कळलं. चहा पिऊन मी सायकलवर बसलो आणि घरी आलो.

असे तीन महिने गेले.

इद्दत संपली त्या सकाळी भाभी अंगणात आल्या. साताऱ्याहून भाऊ त्यांना काही दिवस माहेरी न्यायला येणार होता. मी सायकल पुसत होतो. त्या खूप बारीक झाल्या होत्या, उन्हात डोळे मिचकावत होत्या, इतके दिवस आत राहिलेलं माणूस बाहेर आलं की मिचकावतं तसे. मी सलाम केला. त्या पायरीवर बसल्या. त्या काही बोलायच्या आत मीच सुरू केलं, आता झालीच आहे, बघा, एक नंबर झालीय, फक्त मागचं चाक एकदा... असं काहीतरी. त्यांनी मला बोलू दिलं. मग म्हणाल्या,

"तुम्ही रोज संध्याकाळी फाटकातून आत यायचा ना, त्या चाकाचा आवाज यायचा. टिक टिक टिक. आतून दिसत तर काही नव्हतं."

मी फडकं हातात धरून उभा होतो.

"दर वेळी वाटायचं, हे आले," त्या म्हणाल्या. "मला माहीत असायचं की तुम्ही आहात, तरी पाय उठायचे. दोनदा तर मी चहासाठी गॅसही पेटवला. मग आठवायचं. असं होणार याची भीती होतीच, म्हणून तुम्हाला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं, देऊन टाका."

सायकलचं बरंच काही मी बदललं होतं. मागच्या चाकातलं ते टिकटिकणारं फ्रीव्हील तेवढं जाणूनबुजून ठेवलं होतं. तो आवाज सगळ्याच सायकलींना असतो, पण आमचं पातळ तेल आत उतरल्यामुळे भाईची सायकल इतरांपेक्षा खणखणीत वाजायची. तो आवाज मला जपायचा होता. पडद्यापलीकडे कुणी तो ऐकत असेल, हे माझ्या मनातसुद्धा आलं नव्हतं. मी त्यांना म्हणालो, भाभी, चाळीसाव्यानंतर तुम्ही पुन्हा का नाही सांगितलं? त्या म्हणाल्या, "सांगणार होते. पण तुम्ही रविवारी परत आलात की तोंड धुताना रडायचा, तेही ऐकू यायचं. म्हटलं, राहू दे याच्याकडे."

दुपारी त्यांचा भाऊ आला, जेवला आणि आराम करायला म्हणून आडवा झाला. दोघे संध्याकाळच्या गाडीने निघणार होते. भाभी आत सामान भरत होत्या. मी बायकोला सांगितलं, कुंडलला जाऊन येतो, येताना एसटीने येईन.

सायकल घेतली. फाटकापर्यंत ढकलत नेली असती तर मागचं चाक वाजलं असतं. मी एका हाताने हँडल धरलं, दुसऱ्या हाताने सीटखाली धरून मागचं चाक उचललं, तशीच ती अंगणातून बाहेर काढली, आणि गल्ली संपेपर्यंत चाक जमिनीला टेकू दिलं नाही.